कारण न सांगणारा काळोख

१९३६ साली सादिक हिदायत नावाचा तेहतीस वर्षांचा इराणी लेखक मुंबईला आला. उघड कारण अभ्यासाचं होतं. बहरामगोर अंकलेसरिया या पारशी विद्वानाकडे त्याला पहलवी भाषा शिकायची होती, आणि ती तो शिकलाही. पण त्या मुक्कामात त्याने आणखी एक काम उरकलं, जे तेहरानमध्ये होण्याजोगं नव्हतं. रझाशाहच्या राजवटीत जिला छपाईचं तोंड दिसण्याची आशा नव्हती अशी एक छोटी कादंबरी त्याने इथे स्वतःच्या हस्ताक्षरात उतरवली, तिच्या पन्नासेक प्रती सायक्लोस्टाइल करून काढल्या, आणि इराणमध्ये ही विकायची-छापायची नाही अशी सूचना स्वतःच वर घालून त्या मित्रमंडळींकडे धाडल्या. ‘बूफ-ए-कूर’, म्हणजे ‘आंधळं घुबड’. आधुनिक फारसी गद्यातलं सर्वांत गाजलेलं आणि सर्वांत अस्वस्थ करणारं पुस्तक असं मुंबईत पहिल्यांदा कागदावर आलं. शाह पायउतार झाल्यावर, १९४१ नंतर, ते तेहरानच्या एका दैनिकात क्रमशः छापलं गेलं. १९५१ मध्ये हिदायतने पॅरिसमध्ये आत्महत्या केली. फ्रेंच अनुवाद त्यानंतर दोन वर्षांनी आला, इंग्रजी १९५७ मध्ये.

त्यात आहे काय? कलमदानांवर चित्रं रंगवणारा एक माणूस आहे, आणि तो जन्मभर एकच चित्र काढतो आहे. सुरूच्या झाडाखाली बसलेला, पाठीत वाकलेला, हिंदुस्थानी योग्यासारखा एक म्हातारा. त्याच्यापुढे झुकून फूल देणारी काळ्या वस्त्रातली मुलगी. दोघांच्या मधे ओढा. ही कलमदानं विकायला जातात हिंदुस्थानातच, काकाच्या मार्फत. एके दिवशी फळीवरून दारूची सुरई काढताना भिंतीतल्या झरोक्यातून त्याला तेच चित्र जिवंत दिसतं. नंतर पाहावं तर भिंतीत झरोका नाही. पुढे ती मुलगी त्याच्या घरी येते, त्याच्या बिछान्यात मरते, आणि त्या देहाची विल्हेवाट तो ज्या शांतपणे सांगतो ती शांतता सहन होत नाही. पुस्तकाच्या उत्तरार्धात हीच माणसं, हेच हावभाव, हेच भेसूर हसू वेगळ्या नात्यांनी परत येतात. लिंगाच्या देवळात नाचणारी बुगाम दासी येते, नागासोबत अंधारकोठडीत कोंडलेले जुळे भाऊ येतात. स्वप्न कुठलं, जाग कुठली, अफूचा अंमल कुठे उतरला, काही ठरत नाही. आणि हे सगळं तो सांगतोय कुणाला, तर दिव्याच्या उजेडात भिंतीवर पडलेल्या स्वतःच्या सावलीला.

‘मनाच्या काळोखावरचं, जरा वेगळं, फारसं कुणी न वाचलेलं पुस्तक सांगा’ असं विचारणारे हल्ली पुष्कळ भेटतात. मी ‘आंधळं घुबड’ सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘पण तो असा का झाला, ते कळतं ना शेवटी?’ नाही कळत. ही शिफारस तिथेच फसते, आणि मला जे म्हणायचं आहे ते तिथूनच सुरू होतं.

काळोखाचा सध्या मोठा बाजार आहे. पुस्तकांच्या दुकानात सायकॉलॉजिकल थ्रिलरचं स्वतंत्र कपाट असतं. मुखपृष्ठं काळी, त्यावर खिडकी किंवा पाठमोरी बाई. ओटीटीवर तेच, पॉडकास्टवर तेच. त्यातली चांगली पुस्तकं मी आवडीने वाचतो, नाक मुरडण्याचा प्रश्न नाही. पण त्यांचा एक अलिखित करार असतो. अडीचशे पानं तुम्हाला घाबरवायचं आणि शेवटच्या तीस पानांत कारण द्यायचं. लहानपणी बापाने कोंडलं होतं, आई डोळ्यांदेखत मेली होती, बहिणीच्या मृत्यूचा ठपका आला होता. कारण मिळालं की वाचक सुटतो. आपलं लहानपण तसं गेलेलं नाही, म्हणजे आपण तसे नाही. पुस्तक मिटताना जो सुस्कारा निघतो तो भीती संपल्याचा नसतो, आपली नावनिशी त्या यादीत नाही या खात्रीचा असतो. अंधाराच्या नावाखाली विकली जाणारी ही पुस्तकं खरं तर दिलासा देणारी पुस्तकं आहेत.

इथे कुणी म्हणेल, माणसाच्या वागण्याला कारणं असतातच. असतात. दवाखान्यात ती शोधावी लागतात, न्यायालयात मांडावी लागतात, आणि लहानपणीच्या जखमा खऱ्याच असतात. माझी तक्रार कारणावर नाही, त्याच्या जागेवर आहे. कादंबरीत शेवटी येणारं कारण मागे वळून सगळं पुसून टाकतं. ज्या पानांवर आपण त्या माणसाच्या डोक्यात बसून त्याच्याशी सहमत होत होतो, ती पानं पुराव्याची कागदपत्रं होऊन जातात. खरी काळोखी कादंबरी हे पुसणं नाकारते. तिच्यात सहमतीचा तो क्षण तसाच उघडा राहतो. म्हणूनच बहुधा ती दुर्लक्षित राहते: जी गोष्ट धड सांगता येत नाही ती दुसऱ्याला सुचवता कशी येणार?

एर्नेस्तो साबातोची ‘एल तुनेल’ (‘बोगदा’, १९४८) याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण. पहिल्याच वाक्यात निवेदक सांगून टाकतो की मी चित्रकार हुआन पाब्लो कास्तेल, मारिया इरिबार्नेचा खून केला तो मीच. रहस्य संपलं. उरलेली शंभरएक पानं तो फक्त समजावून सांगतो, आणि भयंकर आहे ते हे समजावणं. प्रदर्शनात त्याच्या एका चित्रासमोर मारिया थांबली. चित्राच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी आहे, तिच्यातून समुद्रकिनारी एकटी बाई दिसते. कुणाचंच लक्ष न गेलेली ती खिडकी हिने पाहिली. बस्स, आता ही एकटीच आपल्याला समजू शकेल असं त्याने ठरवलं. मग ती रस्त्यात पुन्हा भेटली तर बोलायला सुरुवात कशी करायची याचे तो पर्याय मांडतो, उपपर्याय पाडतो, एकेक खोडतो. वाचताना हसू येतं. भिडस्त माणसाची ही कसरत कुणाला ठाऊक नाही? पण पुढे हीच पद्धत तो तिच्या प्रामाणिकपणाला लावतो. ती अमुक वेळी अशी हसली. तसंच हसू एका वेश्येच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. त्याअर्थी… तर्काची पायरी एकही चुकलेली दिसत नाही, आणि तळाशी प्रेत आहे. आपण कुठल्या पायरीवर ‘थांब’ म्हणायला हवं होतं ते पुस्तक दाखवत नाही.

साबातो मुळात पदार्थविज्ञानातला डॉक्टरेट. पॅरिसच्या क्युरी प्रयोगशाळेत काम केलेला. विज्ञान सोडून तो लेखनाकडे आला. ब्वेनोस आयरेसच्या प्रकाशकांनी ‘बोगदा’ परत केली, शेवटी ‘सूर’ या नियतकालिकाच्या प्रकाशनाने ती काढली; मग काम्यूला आवडली आणि त्याच्या शब्दावर गालिमारने फ्रेंचमध्ये आणली. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रसंग. अर्जेंटिनातली लष्करी राजवट कोसळल्यावर राष्ट्राध्यक्ष आल्फोन्सिन यांनी डिसेंबर १९८३ मध्ये बेपत्ता केलेल्या माणसांचा शोध घ्यायला आयोग नेमला, आणि त्याच्या अध्यक्षपदी बसवलं साबातोला. १९८४ मध्ये ‘नुंका मास’ हा अहवाल आला. जवळपास ९ हजार बेपत्ता माणसांची नोंद त्यात होती. कादंबरीमुळे आयोग मिळाला असं मी म्हणणार नाही. पण छळाचीही फाइल असते, टिपणी असते, प्रत्येक पायरीला समर्थन असतं, हे ऐकून त्या अध्यक्षाला नवल वाटलं नसेल. नीटनेटक्या तर्काच्या तळाशी काय असू शकतं ते तो पस्तीस वर्षं आधी लिहून बसला होता.

आगोता क्रिस्तोफ त्याच्या उलट टोकाला. तिच्या पुस्तकात समजावणं मुळी नाहीच. १९५६ च्या उठावानंतर हंगेरीतून ती नवरा आणि चार महिन्यांचं मूल घेऊन चालत सीमा ओलांडून निघाली आणि स्वित्झर्लंडमधल्या नशातेलमध्ये पोचली. घड्याळाच्या कारखान्यात कामाला लागली, फ्रेंच मोठ्या वयात शिकली, आणि १९८६ मध्ये त्याच परक्या भाषेत ‘ल ग्राँ काइए’ (‘मोठी वही’) लिहिली. युद्धाच्या दिवसांत आई दोन जुळ्या मुलांना सीमेवरच्या गावात आजीकडे ठेवून जाते. गावाला नाव नाही, देशाला नाव नाही, मुलांनाही नाव नाही. सगळं पुस्तक ‘आम्ही’ या एका आवाजात. आजी त्यांना शिव्या घालते, लोक आजीला चेटकीण म्हणतात. मुलं कणखर व्हायचं ठरवतात आणि रीतसर सराव सुरू करतात: मार सोसण्याचा सराव, शिव्या ऐकण्याचा सराव, उपाशी राहण्याचा, भीक मागण्याचा, निर्दयतेचा. आईने म्हटलेले मायेचे शब्दसुद्धा ती पुन्हापुन्हा म्हणतात, त्यांतली कळ निघून जाईपर्यंत. हा प्रसंग मला सगळ्या पुस्तकात सर्वांत क्रूर वाटतो, आणि त्यात कुणी कुणाला बोट लावलेलं नाही.

ही मुलं वहीत जे लिहितात त्याचा नियम असा: फक्त घडलेलं लिहायचं. आजी चेटकीण आहे असं लिहायचं नाही. लोक तिला तसं म्हणतात, एवढं चालेल. भावना सांगणारे शब्द बाद, कारण ते मोघम असतात. पुस्तकही याच नियमाने लिहिलेलं आहे. त्यामुळे होतं असं की दुःख, राग, किळस, सगळं वाचकाला स्वतः पुरवावं लागतं. मुलं बिचारी की राक्षस, हे लेखिका सांगत नाही. आपण प्रकरणागणिक मत बदलतो आणि दर वेळी तोंडघशी पडतो. २००० साली फ्रान्समधल्या आबव्हिल गावात हे पुस्तक वर्गात वाचायला लावलं म्हणून पालकांनी तक्रार केली आणि शिक्षकाला पोलिसांनी चौकशीसाठी नेलं. पुस्तकात लैंगिक क्रौर्याचे प्रसंग आहेत, आक्षेप त्यांवर होता. पण मला वाटतं, त्या पालकांना खरी इजा झाली ती कोरडेपणाने. हेच प्रसंग लेखिकेने हळहळत सांगितले असते तर कदाचित तक्रार झाली नसती.

मराठी घराला हे पालक अनोळखी नाहीत. आपल्याकडे पुस्तकाने संस्कार करायचे असतात. मूल वाचायला लागलं की त्याच्या हातात श्यामची आई. मनाची ओळख होते ती मनाला सज्जन म्हणून हाक मारणाऱ्या श्लोकांतून. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा फडके-खांडेकरांचा वाद दोन पिढ्या चघळला गेला, पण दोन्ही बाजूंना वाचकाला शेवटी काहीतरी हाती लागायला हवं होतं. एकीला आनंद, दुसरीला ध्येय. काहीच हाती न देणारी पुस्तकं या वादात कुठेच बसली नाहीत. तरी ती लिहिली गेली, आणि आपण समजतो त्यापेक्षा जास्त लिहिली गेली. जी. ए. कुलकर्णींचं नाव मी घेत नाही, कारण त्यांना दुर्लक्षित म्हणणं हास्यास्पद होईल. त्यांच्या भोवती तर पंथ आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनाही वाचकांची कधी वाण नव्हती. मला बोलायचं आहे ते चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कादंबऱ्यांबद्दल.

खानोलकर म्हटलं की आरती प्रभूंच्या कविता आणि त्यांची झालेली गाणी आठवतात. वेंगुर्ल्याजवळच्या बागलांची राई इथे १९३० मध्ये जन्मलेला, कुडाळला खानावळ चालवलेला आणि १९७६ मध्ये सेहेचाळिसाव्या वर्षी गेलेला हा माणूस कादंबरीकार म्हणून ‘रात्र काळी, घागर काळी’, ‘अजगर’, ‘कोंडुरा’, ‘त्रिशंकू’ असं एकामागून एक लिहीत होता. ‘कोंडुरा’ (१९६६) घ्या. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर कोंडुरा नावाची जागा खरोखर आहे. खडकातल्या कपारीत लाट शिरते आणि घुमते. कादंबरीतल्या परशुरामतात्यांना तिथे एक देणं मिळतं, आणि त्याबरोबर ब्रह्मचर्याचं बंधन. मग ज्याला देणं मिळालं त्याला गावातलं पाप दिसू लागतं. दिसतं ते देवी दाखवते, की दडपलेली वासना? पाश्चात्त्य कादंबरी असती तर या प्रश्नाचा निकाल दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने केव्हाच लागला असता. खानोलकर निकाल देत नाहीत, आणि हा त्यांचा भाबडेपणा नव्हे. कोकणातल्या गावात हे प्रश्न एकट्या माणसाच्या डोक्यात राहतच नाहीत. कुणाच्या अंगात अवसर येतो, देवाला कौल लावला जातो, गाऱ्हाणं घातलं जातं, देवचाराचं नाव सावकाश घेतलं जातं. एकाची भीती सगळ्या वाडीची होते, तिला मानकरी असतात, पाळ्या असतात. अशा ठिकाणी ‘मनोविश्लेषणात्मक कादंबरी’ हा परीक्षेच्या गाइडातला शिक्का अपुरा पडतो. हिदायतचा माणूस चार भिंतींत सावलीशी बोलतो. तात्यांशी सगळा गाव बोलतो, आणि तरी ते तितकेच एकटे आहेत. कुठला एकटेपणा जास्त वाईट हे मला ठरवता आलेलं नाही. श्याम बेनेगलांनी १९७८ मध्ये यावर हिंदीत आणि तेलुगूत चित्रपट काढला. तो चांगला आहे, पण पडद्यावर देवी दिसली की निम्मा प्रश्न निकालात निघतो. पुस्तकातली देवी दिसायचं काम वाचकाच्या डोक्यात करते, आणि तिथून तिला विसर्जित करता येत नाही.

विलास सारंगांबद्दल थोडक्यात. कारवारला जन्मलेला, मुंबईत इंग्रजी शिकवणारा, काही वर्षं इराकमध्ये बसऱ्याला प्राध्यापकी केलेला हा लेखक मराठीतही परका राहिला आणि भारतीय इंग्रजीतही. ‘सोलेदाद’मधल्या कथा, ‘एन्कीच्या राज्यात’ ही कादंबरी; आणि ज्यांना इंग्रजी चालतं त्यांना ‘फेअर ट्री ऑफ द व्हॉइड’. त्यातल्या एका कथेतल्या बेटावर बायकांची शरीरं अर्धीच असतात, कुणाची वरची, कुणाची खालची, आणि निवेदक हे इतक्या सरळपणे सांगतो की थोड्या वेळाने आपणही तिथल्या सोयी-गैरसोयींचा विचार करू लागतो. सारंगांचं यश नेमकं इथे आहे आणि माझी अडचणही इथेच सुरू होते.

कारण आतापर्यंतची नावं पुन्हा पाहा. हिदायतच्या पुस्तकात बाई एक तर अस्पर्श, स्वर्गीय, मुकी. नाही तर जिला निवेदक वेश्येशिवाय दुसरं नाव देत नाही अशी बायको. दोघींचा शेवट सुरीपाशी. साबातोच्या पहिल्या वाक्यात मारिया मेलेली आहे आणि पुस्तकभर ती काय विचार करत होती ते आपल्याला कळत नाही. सारंगांकडे अर्धी शरीरं. काळोखी साहित्याच्या या परंपरेत मन पुरुषाचं असतं आणि प्रेत बाईचं. ‘आंधळं घुबड’च्या चाहत्यांचं यावर एक ठरलेलं उत्तर असतं: ही विकृती निवेदकाची, लेखकाची नव्हे. हे उत्तर साबातोला लागू पडतं. कास्तेलचा आंधळेपणा तो उघडा पाडतो. हिदायतला ते पुरतं लागू पडत नाही. त्याच्या गद्याला त्या मेलेल्या डोळ्यांचं खरंच वेड आहे, आणि वाचकाला तो त्या वेडातून बाहेर येऊ देत नाही. तरी मी ते पुस्तक सुचवतो. निर्दोष पुस्तकांनी काळोखाची माहिती दिल्याचं मला आठवत नाही. पण ते एकटंच सुचवणं मी सोडून दिलं आहे.

त्याच्या जोडीला शर्ली जॅक्सन द्यावी. अमेरिकेत व्हर्माँटमधल्या एका लहान गावात राहणारी, चार मुलांच्या गमतीजमती मासिकांत लिहून घर चालवायला हातभार लावणारी ही बाई. १९६५ मध्ये अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वारली. तिचं ‘द लॉटरी’ सगळ्यांनी वाचलेलं असतं. ‘वी हॅव ऑल्वेज लिव्ह्ड इन द कासल’ (१९६२) त्या मानाने मागे राहतं. अठरा वर्षांची मेरीकॅट, तिची बहीण कॉन्स्टन्स आणि खुर्चीला खिळलेला काका एका मोठ्या घरात राहतात. सहा वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर साखरेतून आर्सेनिक गेलं आणि बाकीचं कुटुंब संपलं. कॉन्स्टन्सवर खटला झाला, ती सुटली, आणि तेव्हापासून घराच्या कुंपणाबाहेर पडलेली नाही. गाव या घराचा द्वेष करतं. पण पुस्तक आपल्या हाती येतं ते मेरीकॅटच्या आवाजात, आणि तो आवाज इतका लोभस आहे की तिचे मंतरलेले शब्द, जमिनीत पुरलेल्या वस्तू, झाडाला ठोकलेली वही हे सगळं आपण कौतुकाने पाहत राहतो. या पुस्तकात स्वयंपाकघर हीच काळोखाची जागा आहे: लोणच्या-मुरंब्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या बरण्या, घासूनपुसून ठेवलेली भांडी, वेळच्या वेळी जेवण. घरकामाची ती नितळ शिस्त आणि विष यांत फट दिसत नाही. मेलेल्यांनी काय केलं होतं म्हणून हे घडलं? आधुनिक थ्रिलरने इथे काकाचा किंवा बापाचा अत्याचार आणून ठेवला असता. जॅक्सन एक-दोन क्षुल्लक खुणा टाकते, आणि त्या कारणाला पुरत नाहीत याची काळजी घेते.

मराठीत या जागी मी कमल देसाईंना ठेवतो. यमकनमर्डीला १९२८ मध्ये जन्मलेल्या, आयुष्यभर थोडंच आणि अवघड लिहिलेल्या या लेखिकेच्या ‘काळा सूर्य’ आणि ‘हॅट घालणारी बाई’ या दोन दीर्घकथा १९७५ मध्ये एकत्र पुस्तकरूपाने आल्या. ‘काळा सूर्य’मध्ये एक गाव आहे, त्यात एक देऊळ आहे, आणि त्या देवाशी थेट वैर धरणारी एक बाई आहे. तिच्यावर अन्याय झाला म्हणून ती पेटली, असं वाचायला आपण अधीर असतो. तसं वाचलं की ती आपल्या सहानुभूतीच्या मापात बसते. ती बसत नाही. तिला सहानुभूती नकोच आहे. तिचं भांडण नवऱ्याशी, सासरशी, समाजाशी असतं तर स्त्रीवादी अभ्यासक्रमात तिची जागा केव्हाच पक्की झाली असती. पण ते भांडण थेट अस्तित्वाशी आहे, आणि असं भांडण करायचा हक्क मराठी कादंबरीत आजवर पुरुषांकडे होता. कोसलाच्या पांडुरंगाला आपण पिढीचा प्रतिनिधी केलं. या बाईला विक्षिप्त म्हणून मोकळे झालो.

राहता राहिला सर्वांत जुना आक्षेप: असली पुस्तकं माणसाला बुडवतात. ‘आंधळं घुबड’बद्दल इराणमध्ये पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगितलं गेलं की ते वाचून तरुण मुलं जीव देतात. लेखकाचा शेवट त्या समजुतीला पुरावा म्हणून जोडला गेला. गटेच्या ‘वेर्थर’वर १७७५ मध्ये लाइपझिगमध्ये बंदी आली ती याच भीतीने. पुढे १९७४ मध्ये डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाने ‘वेर्थर परिणाम’ हे नाव रूढ केलं, पण त्याने तपासल्या होत्या त्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकलेल्या आत्महत्यांच्या बातम्या. कादंबऱ्या नव्हेत. हा फरक सहसा गाळला जातो. बातमी ‘काय’ आणि ‘कसं’ सांगते, वर कारणही देते, कर्जापायी, प्रेमभंगापायी. कारणाची ती एका ओळीची सोय कादंबरी करत नाही.

तरी दुसऱ्या बाजूच्या लोकांचाही मला कंटाळा येतो. काळोखी पुस्तकं मन हलकं करतात, वाचकाला बरं करतात, असं हल्ली फार बोललं जातं. पुस्तक औषध नव्हे. ज्याला रात्र रात्र झोप नाही, जो आत्ता काठावर उभा आहे, त्याला माणसाची आणि डॉक्टरची गरज आहे; त्याच्या उशाशी हिदायत ठेवणं हा दुष्टपणा होईल. यात पुस्तकाचा अपमान नाही. शिफारस करणाऱ्याला समोरचा माणूस ठाऊक असावा लागतो, आणि यादी करणाऱ्याला तो कधीच ठाऊक नसतो. म्हणून मी यादी देत नाही, नावं गप्पांत सांगतो.

आता इतकं बोललोच आहे तर क्रमही सांगतो. सुरुवात जॅक्सनपासून करावी, तिच्या गोड आवाजाने पाय घसरतो. मग साबातो, एका दुपारी होतो. ‘मोठी वही’ संपवून तिचे पुढचे दोन भाग लगेच मागवू नयेत, कारण ते पहिल्या भागातल्या सत्यावरच प्रश्न उभे करतात आणि तो धक्का थोडा जुना झालेला बरा. ‘कोंडुरा’ पावसाळ्यात वाचावी हा माझा निव्वळ आग्रह आहे, त्याला आधार काही नाही. हिदायत एका बैठकीत, आणि दिवसा. कमल देसाईंच्या दोन कथा मात्र एका संध्याकाळी वाचू नयेत. पहिली झाली की आठवडाभर दुसरीला हात लावू नये, आणि त्या आठवड्यात तिच्यावरची प्रस्तावना, समीक्षा, हा लेख, काहीही उघडू नये.